सात सीटांची गाडी, पाच माणसांसाठी

गाडी घ्यायचं नुसतं ठरलं आणि घरातल्या प्रत्येकाने आपापली गाडी मनातल्या मनात घेऊनही टाकली. नवऱ्याने घेतली एक उंच, समोरून रागावलेली दिसणारी एसयूव्ही. ठाण्याच्या भाऊजींना पैसे घालायचे नव्हते पण मत द्यायचं होतं, त्यांनी वापरलेली इनोव्हा घेतली. नववीतल्या लेकाने सनरूफ घेतलं. त्या सनरूफखाली कुठली गाडी असेल याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. सासऱ्यांची एकच अट, अ‍ॅव्हरेज. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मला चढता-उतरता आलं म्हणजे झालं बाई." त्यावर कुणी काही बोललं नाही, कारण हे काही गाडीबद्दलचं मत आहे असं कुणाला वाटलंच नाही.

माझा धंदा शिवणाचा. कोथरूडमध्ये छोटं दुकान आहे. ब्लाउज, कुर्ते, लहान मुलींची परकर-पोलकी, आणि सणांच्या आधी प्रदर्शनात एखादा स्टॉल. पर्समध्ये एखाद्या वेळी पैसे नसतील, टेप असतेच. त्यामुळे गाड्याही मी टेप घेऊनच बघितल्या. ज्या ज्या शोरूममध्ये गेलो तिथल्या मुलांनी समोरचा स्क्रीन किती इंची आहे हे आधी सांगितलं. डिकीचं तोंड किती इंची आहे, हे एकालाही सांगता आलं नाही.

आमचं सामान कसलं असतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. घरात माणसं पाच. सासर गुहागर तालुक्यातलं. पुण्याहून सातारा रस्त्याने उंब्रज, तिथून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. जाताना पाच जणांचे कपडे, सासूबाईंचा वॉकर, औषधांची पिशवी, गावातल्या घरासाठी पुण्यातून न्यायच्या असंख्य वस्तू. येताना तांदळाचं पोतं, आंब्याचे खोके, नारळ, आमसुलं, आणि मे महिन्यात एक फणस, जो कुणीही मागितलेला नसतो पण नाही म्हणता येत नाही. दुसरी फेरी माझी, इचलकरंजीची. कापडाचे तागे 44 इंच पन्ह्याचे आणि 58 इंच पन्ह्याचे असतात, ते दुमडून आणले तर घडीची रेघ बसते आणि इस्त्रीत निम्मा दिवस जातो. आडवेच यायला हवेत. तिसरं काम प्रदर्शनाचं: कपडे टांगायचे स्टँड, एक धडाचा पुतळा, आरसा. उरलेल्या दिवशी गाडी कोथरूड ते मंडई आणि लेकाचा क्लास एवढीच फिरणार.

यात गोम अशी की सात माणसांची सोय करणं सोपं आहे. पाच माणसं आणि पाच माणसांचं सामान, ही खरी अडचण. पाच सीटांच्या गाडीत पाचही जण बसले की मागची सीट पाडायचा प्रश्नच उरत नाही. मग डिकी जेवढी तेवढीच. जाहिरातीतल्या फोटोत सीट पाडून सायकल ठेवलेली दाखवतात, त्या फोटोत आजी-आजोबा कुठे आहेत हे कधी दाखवत नाहीत.

डिकी लिटरमध्ये मोजतात. लेकाला वाटलं पाणी ओतून मोजत असतील. तसं नाही. जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनेने ठरवलेली एक पद्धत बऱ्याच कंपन्या वापरतात. 200 मिलिमीटर लांब, 100 रुंद आणि 50 जाड असे ठोकळे करायचे. एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर. डिकीत असे किती ठोकळे रचता येतात ते मोजायचं. मला ही पद्धत आवडली, कापडावर कागदी पॅटर्न बसवण्याच्या जवळची आहे. पण तिच्यातच फसगतही आहे. असा ठोकळा कुठल्याही कोपऱ्यात, चाकाच्या फुगवट्याच्या वर, बिजागरीच्या बाजूला शिरतो. आपली सूटकेस शिरत नाही. मोठी 28 इंची सूटकेस साधारण 75 सेंटिमीटर लांब, 50 रुंद, 30 जाड धरली तर एकशेबारा लिटर होतात. म्हणजे सव्वातीनशे लिटरच्या डिकीत हिशोबाने जवळजवळ तीन बसायला हव्यात. प्रत्यक्षात दोन बसतात, आणि तिसरीच्या जागी वॉकर कसाबसा कोंबता येतो. शिवाय काही आकडे मागच्या सीटच्या पाठीपर्यंतचे असतात, काही छतापर्यंतचे, आणि कुठला कुठपर्यंतचा हे माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

सेडानपासून सुरुवात केली, कारण आकड्यांत सेडान पुढे. होंडा सिटी 506 लिटर, व्हर्ना 528, स्लाव्हिया आणि व्हर्टस 521. डिकी उघडली की आत खोलच्या खोल जागा. पण टेप तोंडाला लावली. तोंड आतल्या पोकळीपेक्षा बरंच अरुंद, आणि वरून काचेमुळे तिरकं कापलेलं. माझा धडाचा पुतळा खांद्यापाशी अडकला. बाहीचा घेर मोठा आणि मुंढा लहान, असा प्रकार. पुतळा घेऊन शोरूममध्ये गेल्याबद्दल नवरा अजून मला चिडवतो, पण तो पुतळा नेला नसता तर हे कळलं नसतं. काही गाड्यांत झाकणाचे बाकदार हात बंद होताना आत येतात, म्हणजे कडेला ठेवलेला आंब्याचा खोका चेपणारच.

चार मीटरच्या आतल्या सेडानची गोष्ट आणखी वेगळी. 4,000 मिलिमीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन 1,200 सीसीपर्यंत असेल तर कर कमी, असा नियम 2006 च्या अर्थसंकल्पापासून कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. 22 सप्टेंबर 2025 पासूनच्या जीएसटीतही तो राहिला: अशा गाड्यांना 18 टक्के, बाकीच्या पेट्रोल गाड्यांना 40. या नियमाने डिकीचं काय केलं ते डिझायरकडे बघून कळतं. 2008 ची पहिली स्विफ्ट डिझायर 4,160 मिलिमीटर लांब होती आणि डिकी 440 लिटरची. 2012 मध्ये ती कापून 3,995 वर आणली आणि डिकी झाली 316 लिटर. इंजिन तेच, माणसं तेवढीच, कात्री सगळी सामानावर. नंतर 2017 मध्ये 378 आणि आता 382 पर्यंत त्यांनी ती परत वाढवली, ते मात्र कौतुकाचं आहे. त्याच कापडात इतकी जास्त जागा काढणं सोपं नसतं. अमेझ त्यातही पुढे आहे, 416 लिटर.

सेडानची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. तिची डिकी वेगळी खोली असते. आमच्याकडे गावाहून येताना सुके सोडे आणि जवळा येतो, त्यात पिकलेला फणस. हे सगळं माणसांच्याच खोलीत घेऊन सहा-सात तास प्रवास करायचा म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. सासरे म्हणाले, याच कारणासाठी सेडान घ्या. सासूबाई म्हणाल्या, सोडे काचेच्या बरणीत घालून आणू. विषय तिथेच संपला, कारण त्याच दिवशी सेडानच्या मागच्या सीटवर बसताना त्या शेवटचे चार इंच धपकन खाली गेल्या होत्या आणि बाहेर काढायला दोघं लागले होते.

मग मी जे करायला हवं होतं ते केलं: सासूबाईंचं माप घेतलं. अंगाचं नव्हे, बसण्याचं. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंत किती, आणि घरातल्या ज्या खुर्चीतून त्या कुणाचा हात न धरता उठतात तिची उंची किती. गाडीची सीट त्या खुर्चीपेक्षा थोडी उंच असली तर चालते, कारण मग बसताना फक्त मागे टेकायचं आणि उतरताना सरकायचं. खुर्चीपेक्षा बरीच खाली असली की सेडान होते. फारच वर असली की नवऱ्याची आवडती एसयूव्ही होते. तिथे चार फूट दहा इंच उंचीच्या बाईला आधी एक पाय पायरीवर, मग दांड्याला धरून दुसरा पाय वर ओढायचा, आणि ज्या गुडघ्यावर सगळा भार येतो तोच नेमका दुखरा. एका मोठ्या एसयूव्हीपाशी सेल्समन म्हणाला, "आजींना सवय होईल." आजी म्हणाल्या, "मला सवय व्हायची वाट बघत कोण थांबणार?"

दाराचं तोंडही बघा. मागचं दार किती उघडतं, किती टप्प्यांत थांबतं, खालचा उंबरठा किती रुंद आहे. उंबरठा रुंद असला की पाय बाहेर जमिनीला टेकायच्या आधी पोटरी घासते, आणि पावसाळ्यात तोच उंबरठा चिखलाचा असतो. साडी नेसणाऱ्या बाईला हे लगेच कळतं. जीन्सवाल्या पुरुषांनी लिहिलेल्या गाड्यांच्या परीक्षणांत याचा उल्लेख मला तरी कुठे सापडला नाही.

छोट्या एसयूव्ही सीटच्या उंचीला बऱ्या वाटल्या, सासूबाईंना त्यांतल्या दोन पसंतही पडल्या. ब्रेझाची डिकी 328 लिटर, नेक्सॉनची 382, त्याहून मोठ्या क्रेटाची 433. वाईट नाहीत. पण पाच माणसं, तांदूळ आणि तागे एकत्र, तिथे त्या थकतात. आणि इंधनाच्या बचतीचा मोह धरला की जागा तिकडून वसूल होते. ग्रँड व्हिटाराची साधी आवृत्ती 373 लिटर, पेट्रोलसोबत बॅटरीवरही चालणाऱ्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये, बॅटरी बसवल्यावर, 265. सासऱ्यांना सीएनजी हवी होती. सीएनजीची टाकी डिकीत बसते आणि उरलेल्या जागेत हवा भरायचा पंप आणि दोन चपला राहतात. टाटांनी 2023 मध्ये अल्ट्रोझला एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या देऊन त्या फळीखाली घातल्या, वर 210 लिटर जागा सोडली. हे डोकं कुणाचं होतं त्याला माझा नमस्कार. पण 210 लिटरमध्ये आमचं काही भागत नाही. सात सीटांच्या एर्टिगाच्या सीएनजी आवृत्तीत 60 लिटरची टाकी तिसऱ्या रांगेच्या मागे असते, म्हणजे तिसरी रांग पाडली तरी सपाट जमीन मिळत नाही, मध्ये उंचवटा राहतो. तागे तिथे कमरेत वाकतात.

जाता जाता एक हळहळ. आपल्याला खरी हवी ती गाडी आपल्याकडे येऊन गेली: स्टेशन वॅगन. सेडानइतकी बुटकी, पण छत मागेपर्यंत ओढलेलं. टाटा इस्टेट 1992 मध्ये आली होती, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, टाटांची इंडिगो मरिना, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी. एकही टिकली नाही. सासरे म्हणतात, तेव्हा लोकांना ती अँब्युलन्ससारखी दिसायची. आता लोक जी गाडी घेतात ती समोरून बुलडोझरसारखी दिसते, त्याला कुणाची हरकत नाही.

तर उरल्या सात सीटांच्या एमपीव्ही, म्हणजे माणसं आणि सामान दोन्ही न्यायला केलेल्या लांबट गाड्या. या गाड्यांना आपल्याकडे "टॅक्सीवाली गाडी" म्हणून नाक मुरडतात. नवऱ्याचं मुख्य दुःख हेच होतं: ऑफिसच्या पार्किंगमध्ये लोक मागच्या सीटवर येऊन बसतील आणि ओटीपी सांगतील. पण टॅक्सीवाले काय बघून गाडी घेतात? माणसं आणि बॅगा एकत्र बसायला हव्यात, दारं हजार वेळा उघडायला हवीत, खर्च कमी हवा. आमचीही यादी तीच होती.

इथे आकडे नीट वाचायला हवेत. एर्टिगात सातही सीटा उभ्या असताना मागे 209 लिटर उरतात. कॅरेन्समध्ये 216. चार मीटरच्या आत सात सीटा बसवणाऱ्या ट्रायबरमध्ये 84, म्हणजे सातजण देवदर्शनाला जाऊ शकतात पण प्रसादाचा डबा मांडीवर. म्हणून सात जणांचा लांबचा प्रवास या वर्गातली कुठलीच गाडी खऱ्या अर्थाने करत नाही, कंपनीने काहीही म्हणो. पण तिसरी रांग पाडा. एर्टिगा 209 वरून 550 वर जाते. ट्रायबरची तिसरी रांग तर उचलून घरीच ठेवता येते आणि मग 625 लिटर मिळतात. आणि पाच माणसं जिथल्या तिथे बसलेली. मोठ्या सेडानपेक्षा जास्त जागा, आणि तोंड मागच्या दाराएवढं. पुतळा उभ्याने नाही, पण आडवा सरळ गेला. सात सीटांची गाडी ही मुळात पाच जणांची, मोठ्या डिकीची गाडी आहे. उरलेल्या दोन सीटा पाहुण्यांसाठीची गादी समजायच्या, एरवी गुंडाळून ठेवलेल्या. भाऊजी-जाऊबाई आले तर चिपळूणच्या बाजारापर्यंत मुलं मागे बसतात, कुरकुरत.

तिसरी रांग अर्धी-अर्धी पडते का हेही बघायचं. पडत असेल तर सहा माणसं आणि एका बाजूला सामान असं जमतं. आणि पाडल्यावर जमीन सपाट होते का, की पायरी राहते. 58 इंची ताग्यासाठी मला दुसऱ्या रांगेचा छोटा भागही पाडावा लागतो. तेव्हा गाडीत मी आणि दुकानातली मुलगी अशा दोघीच असतो, त्यामुळे चालतं.

ट्रायबर मला मनापासून आवडली होती, जागेचा इतका चोख वापर मी दुसऱ्या कुठल्या गाडीत बघितला नाही, शिवाय नव्या जीएसटीत ती 18 टक्क्यांत बसते. पण तिचं इंजिन 999 सीसीचं. पाच माणसं, एसी आणि पोतं घेऊन कुंभार्ली चढायचा विचार केला आणि तिला मनातल्या मनात नमस्कार केला. शहरातल्या चार-पाच जणांच्या कुटुंबाला, ज्यांचं गाव घाटापलीकडे नाही, मी तीच सुचवेन.

भाऊजींची वापरलेली इनोव्हा. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. 2005 पासून रस्त्यावर आहे, आराम तिच्यासारखा नाही, आणि सातही सीटा उभ्या असताना तिच्या क्रिस्टा या पुढच्या मॉडेलमध्ये 300 लिटर उरतात. पण चांगली ठेवलेली इनोव्हा कुणी विकत नाही, आणि जी विकायला येते तिचा काटा किती वेळा मागे फिरलाय ते देव जाणे. दुसरं म्हणजे ती साडेचार मीटरच्या वर जाते. 4,735 मिलिमीटर. आणि आमच्या सोसायटीत पार्किंगची जी चौकट आखलेली आहे ती, मी स्वतः टेपने मोजली, बरोबर साडेचार मीटर.

आता राहिल्या दोन: एर्टिगा, साडेचार मीटरच्या आत, आणि कॅरेन्स, 4,540 मिलिमीटर. एर्टिगा चौकटीत थोडी जागा मोकळी ठेवून बसते. कॅरेन्स चार सेंटिमीटर बाहेर येते. आमच्या सोसायटीत चार सेंटिमीटर म्हणजे वार्षिक सभेतला विषय क्रमांक तीन.

मी एर्टिगाच्या बाजूने होते. दुसऱ्या रांगेत पाय पसरायला ऐसपैस, दुरुस्ती गल्लोगल्ली, मायलेज सासऱ्यांना पटण्यासारखं. नवऱ्याने मग मोबाइलवर एक गोष्ट काढून दाखवली: 2024 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या धडक चाचणीत, आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या एर्टिगाला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला होता. 2025 मध्ये सहा एअरबॅग सगळ्या आवृत्त्यांत द्यायला सुरुवात झाली, ते चांगलंच. पण एअरबॅग म्हणजे सांगाडा नव्हे. अस्तर कितीही चांगलं लावलं तरी मूळ कापड विरळ असेल तर शिवण ताण धरत नाही, हे मला दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. त्याच संस्थेने कॅरेन्सला तीन तारे दिले होते. तीन म्हणजे काही पाच नव्हेत. पण ज्या गाडीत आपण सगळं घर एकदम घालणार आहोत तिथे एक आणि तीन यांत मी तीनकडे बघणार. सहा एअरबॅग तिच्यात पहिल्या दिवसापासून सगळ्या आवृत्त्यांत होत्या.

मग चार सेंटिमीटरचा प्रश्न. मी पार्किंगमध्ये जाऊन पुन्हा मोजलं. चौकटीच्या मागच्या बाजूला भिंतीलगत सिमेंटचा बुटका कट्टा आहे, त्याची उंची गाडीच्या मागच्या बंपरच्या खालच्या कडेपेक्षा कमी. चाकं कट्ट्याला टेकवली की बंपर कट्ट्याच्या वर जातो, भिंतीपर्यंत तरी जागा उरते. चौकट मोजणाऱ्याने कट्ट्याच्या पुढून मोजली होती. एकूण लांबीत गाडी बसते. कुणालाही आक्षेप घ्यायला जागा राहिली नाही. तोटा एवढाच की मागचं दार पार्किंगमध्ये उघडत नाही, सामान भरायला गाडी पुढे घ्यावी लागते. हे तुम्हीही बघून ठेवा: वर उघडणाऱ्या दाराला मागे आणि डोक्यावर दोन्हीकडे जागा लागते. ज्यांचं पार्किंग बुटक्या छताखाली किंवा यांत्रिक पाळण्यात आहे त्यांनी तर गाडी ठरवायच्या आधी तिथली उंची मोजावी.

डिझेल की पेट्रोल यावर फार खल झाला नाही. डिझेल घाटात जोरदार, पण आमचं रोजचं चालवणं दोन-तीन किलोमीटरचं, आणि आताच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते, ती साफ व्हायला गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर तापावी लागते. शिवाय आरटीओचा कर: महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के, डिझेलला 14. पेट्रोल घेतली. साधं 1.5 लिटरचं इंजिन, टर्बो नाही. टेस्ट ड्राइव्ह पाचही जणांना बसवून, एसी लावून, चांदणी चौकाच्या चढावर. दुसऱ्या गियरमध्ये थोडी ओरडते, पण चढते. सेल्समनला सपाट रस्त्यावर एकट्या नवऱ्याला फिरवून आणायचं होतं.

आता कॅरेन्स दारात आहे, पांढरी, आणि हो, ओटीपी अजून कुणी सांगितलेला नाही. भरण्याची माझी पद्धत ठरलीय. तांदळाचं पोतं सगळ्यात खाली, दुसऱ्या रांगेच्या पाठीला चिकटून. जड काही वर नाही. ब्रेक लागला की वरचा नारळ सासऱ्यांच्या डोक्याच्या दिशेने निघतो. सीटच्या पाठीपेक्षा उंच रचायचं नाही, म्हणजे मागची काच दिसते. फणस शेवटी चढवायचा आणि पहिला उतरवायचा. निघायच्या आधी चाकांत हवा वाढवून घ्यायची, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे दोन वेगळे आकडे गाडीवरच्या स्टिकरवर असतात आणि हवा भरणारा मुलगा विचारल्याशिवाय दोन्हीला एकच भरतो. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली आहे. चिखलाने माखते, पण पंक्चर झालं तर सगळी डिकी रस्त्यावर मांडून बसावं लागत नाही. छतावर कॅरियर लावू असं नवऱ्याने एकदा सुचवून पाहिलं. वर वजन चढवून कुंभार्लीची वळणं घ्यायला मी तयार नाही, आणि कॅरियर दिसला की गावचे लोक तो भरूनच पाठवतील.

दोन अडचणी मात्र निघाल्या, आणि दोन्हींवर उपाय शिवणाचाच होता. माझी उंची पाच फूट एक इंच. मागचं दार पूर्ण उघडलं की त्याचा दांडा माझ्या हाताला येत नाही. नायलॉनच्या जाड पट्टीचा एक फास शिवून दाराच्या आत अडकवला. तो धरून ओढते. दुसरं, सेडानसारखं इथे सामान लपत नाही. ढाब्यावर थांबलं की काचेतून प्रदर्शनाच्या साड्या दिसतात. म्हणून काळ्या कॅनव्हासचं एक आच्छादन शिवलं, दोन्ही बाजूंना इलॅस्टिक, मध्ये एक कप्पा औषधांच्या पिशवीसाठी. जाऊबाईंना ते फार आवडलं, त्यांनाही त्यांच्या गाडीसाठी हवंय. मी म्हटलं, माप पाठवा. त्यांनी डिकीचा फोटो पाठवलाय.